‘खजिनदाराने पैसे खाल्ले’ असं कानावर आलं तर: सोसायटीचा हिशेब कसा तपासावा

रात्री साडेदहाला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ पडते: ‘रंगकामात मोठा झोल झालाय, सगळ्यांना माहितीये.’ सकाळी दूधवाला येईपर्यंत ‘मोठा’चे चार लाख झालेले असतात, खजिनदाराच्या नव्या गाडीचा फोटो फिरलेला असतो आणि लिफ्टमध्ये त्याच्या बायकोशी कोणी बोलेनासं होतं. व्हाउचरची फाइल मात्र अजून कपाटातच असते.

आरोप खोटा असेल तर एका माणसाची अब्रू फुकट गेली. पण खरा असेल तर नुकसान त्याहून मोठं, कारण ज्याने पैसे खाल्ले त्याला कागद ‘नीट’ करायला आठवडाभर मिळाला. म्हणून तुमचा आरोपावर विश्वास असो वा नसो, करायचं काम एकच आहे आणि ते गाजावाजा न करता करायचं असतं.

खाली दिलेली सहकाराची कलमं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या गृहनिर्माण संस्थांसाठी आहेत. गोव्यात 2001 चा वेगळा सहकार कायदा आहे आणि 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींचा रस्ताही वेगळा. हिशेब जुळवायची रीत मात्र तिन्हीकडे तीच.

आरोप एका वाक्यात लिहा

‘झोल झाला’ हे वाक्य तपासताच येत नाही, कारण ते खोटं ठरूच शकत नाही. कोरा कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा: कोणी, किती रुपये, कोणत्या महिन्यात, कोणत्या व्यवहारात आणि कशावरून म्हणता. बरेच आरोप या पाचव्या रकान्यात येऊन अडखळतात.

रंगकामाचंच घ्या. ‘रंगकामात पैसे खाल्ले’ या एका वाक्यात निदान चार वेगवेगळे आरोप दडलेले असतात. ठेकेदाराला दाखवलेली रक्कम प्रत्यक्षात त्याला मिळालीच नाही, हा पहिला. रक्कम मिळाली, पण तेवढं काम झालं नाही, हा दुसरा. काम झालं, पण दर चढा लावून मधल्यामध्ये कमिशन घेतलं, हा तिसरा. आणि सगळं ठीक, पण सर्वसाधारण सभेची मंजुरीच नव्हती, हा चौथा. पहिल्याला बँकेचा उतारा लागतो, दुसऱ्याला मोजपट्टी, तिसऱ्याला इतर ठेकेदारांचे त्याच काळातले दर आणि चौथ्याला इतिवृत्ताची वही. चारही एका गाठोड्यात बांधले की सभेत एकाचं उत्तर मिळतं आणि तिघांचा गोंधळ उरतो. चौथा आरोप खरा निघाला की लोक पहिलाही सिद्ध झाला असं धरून चालतात, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

कशावरून म्हणता हे विचारताना साखळीचं मूळ शोधा. ‘बी विंगमधल्या तिघांनी सांगितलं’ म्हणजे तीन साक्षीदार होत नाहीत. त्या तिघांना चौथ्याने सांगितलं असेल तर साक्षीदार एकच, आणि त्याने स्वतः काय पाहिलं ते वेगळं विचारायचं. त्याने ठेकेदाराच्या माणसाकडून ऐकलं असेल तर ती अजून ऐकीवच गोष्ट. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्याकडून चार ओळी लिहून तारीख आणि सही घ्या. सही मागितल्यावर कितीतरी लोक म्हणतात, ‘मी तसं नाही म्हणालो.’ त्यांच्यावर रागावू नका, तपासाचा तेवढा वेळ वाचला.

नवी गाडी, परदेशवारी, मुलीचं थाटाचं लग्न हे पुरावे नव्हेत. त्यांच्यावरून फार तर चौकशीला सुरुवात होईल, शेवट होणार नाही.

कागद हलण्याआधी त्यांची मोजदाद

हे काम आरोप कळल्यापासून दोन दिवसांत व्हायला हवं. कमिटीची तातडीची सभा बोलवा, तीन जणांची उपसमिती नेमा आणि ठराव लिहा. तिघांत एक हिशेब कळणारा, एक खजिनदाराच्या विश्वासातला आणि एक तक्रारदारांच्या विश्वासातला असावा. तिघेही तक्रारदारांचेच असले की अहवाल काहीही निघो, अर्धी इमारत तो मानत नाही.

कपाट उघडताना खजिनदाराला हजर ठेवा. त्याच्या पाठीमागे उघडलंत तर पुढे एखादा कागद सापडला नाही की तो म्हणणार, ‘होता, तुम्हीच काढला.’ आणि त्या म्हणण्याला तुमच्याकडे उत्तर नसेल. यादी करा: रोजकीर्द किंवा कॅशबुक, पावती पुस्तकांच्या स्थळप्रती (पुस्तकात उरलेल्या प्रती), व्हाउचर फायली, चेकबुकांची थोटकं, मुदत ठेवींच्या मूळ पावत्या, निविदा आणि कोटेशनं, वर्क ऑर्डर, ठेकेदाराची बिलं, टीडीएसची (बिलातून कापून सरकारला भरायच्या कराची) चलनं, सर्वसाधारण सभा आणि कमिटी अशी दोन्ही इतिवृत्तं, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. प्रत्येक पानाला पेन्सिलीने क्रमांक टाका आणि मोबाइलवर फोटो काढा. कोऱ्या पानांचेही काढा. इतिवृत्ताच्या वहीत मध्येच अर्धं पान कोरं असेल तर तिथे तिरकी रेघ मारून तिघांनी सह्या करा. मंजुरीचा ठराव नंतर कोंबायची जागा तीच असते.

मूळ कागद कोणीही घरी न्यायचे नाहीत, उपसमितीनेसुद्धा. झेरॉक्स काढा, मूळ कपाटात ठेवा, कपाटाला दोन कुलपं लावा आणि किल्ल्या दोघांकडे द्या.

हिशेब टॅली या संगणक प्रणालीत असेल तर लेखनिकाकडून त्याच दिवशी बॅकअप घ्या आणि तो दोन पेनड्राइव्हवर ठेवा. एडिट लॉग (बदलांची नोंद) चालू असेल तर कोणती नोंद कधी बदलली तेही दिसतं. बँकेचा उतारा मात्र सोसायटीच्या फाइलमधला वापरू नका. अध्यक्ष-सचिवांच्या सहीने बँकेकडे अर्ज करा आणि शाखेचा शिक्का असलेला उतारा थेट घ्या. ईमेलने आलेल्या पीडीएफमध्ये आकडे बदलणं आता शाळकरी पोरालाही जमतं.

तुम्ही कमिटीवर नसून साधे सभासद असाल तर तुमच्या हातात थोडं कमी आहे, पण काहीच नाही असं नव्हे. उपविधी (संस्थेची स्वतःची नियमावली), सभासदांची नोंदवही, लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि तुमच्या स्वतःच्या खात्याच्या नोंदी पाहायचा हक्क कायद्याने दिलेला आहे. लेखी अर्ज करा, ठरलेली फी भरा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. व्हाउचर फाइल दाखवायला कमिट्या बऱ्याचदा खळखळ करतात. तेव्हा भांडत बसण्यापेक्षा आधी इतिवृत्त आणि ताळेबंद वाचून प्रश्न नेमका करा. नेमका प्रश्न लेखी गेला की त्याला टाळणं कमिटीला जड जातं.

जुळवणी: बँकेचा उतारा हा कणा

कॅशबुकापासून सुरुवात करू नका, ते माणसाने लिहिलेलं असतं. बँकेच्या उताऱ्याची एकेक ओळ घ्या आणि तिच्यासमोर व्हाउचर क्रमांक लिहा. जमा बाजूला पावती क्रमांक. ज्या ओळीला जोडीदार सापडत नाही ती पिवळी करा. मग उलट बाजूने या: प्रत्येक व्हाउचर आणि प्रत्येक पावती उताऱ्यात सापडते का? नाही सापडली तर ती निळी. शंभर सदनिकांच्या सोसायटीचं एक वर्ष तिघांना दोन रविवारांत होतं.

आता निळ्या-पिवळ्या ओळी बघून लगेच ‘सापडला!’ म्हणू नका. फरक पडायची साधी कारणं भरपूर आहेत.

समजा रंगकामाचं बिल असं आहे: काम 10,00,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,80,000, एकूण 11,80,000. ताळेबंदाबरोबरच्या उत्पन्न-खर्च पत्रकात खर्च 11,80,000 दिसतो. बँकेतून मात्र ठेकेदाराला 11,10,000 गेलेले दिसतात. मधले 70,000 कुठे गेले? ग्रुपवर हाच आकडा ‘गायब’ म्हणून फिरतो. वर्क ऑर्डर वाचली तर कळतं की ठेकेदार भागीदारी फर्म आहे, म्हणून जीएसटी सोडून मूळ रकमेवर 2 टक्के टीडीएस कापला, 20,000 रुपये. शिवाय दोषदायित्वाच्या काळासाठी, म्हणजे कामात दोष निघाले तर ठेकेदाराने ते दुरुस्त करून द्यायच्या मुदतीसाठी, 5 टक्के अनामत राखून ठेवली, 50,000 रुपये. झाले 70,000. पण ‘टीडीएस कापला’ एवढ्या शब्दावर थांबू नका. तो पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारजमा व्हायला हवा होता (मार्चचा असेल तर 30 एप्रिलपर्यंत), त्याचं चलन बघा. अनामत असेल तर ताळेबंदाच्या देणी बाजूला त्या ठेकेदाराच्या नावाने 50,000 उभे दिसले पाहिजेत. चलन नाही आणि देणी बाजूलाही काही नाही, तेव्हा प्रश्न खरा झाला.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे न वटलेले चेक. 28 मार्चला दिलेला चेक ठेकेदाराने 9 एप्रिलला बँकेत टाकला की वर्षअखेरीला कॅशबुक आणि बँक यांत तेवढा फरक राहणारच. बँक जुळवणी पत्रक असतं ते यासाठी. ते दरमहा केलेलं नसेल तर खजिनदाराचा हलगर्जीपणा म्हणा, चोरी म्हणू नका. चेकची मुदत तीन महिने, त्यामुळे जानेवारीतला चेक जुलैतही ‘न वटलेला’ दिसत असेल तर मात्र कान टवकारा. तो रद्द करून कॅशबुकात रक्कम परत बँकेत जमा दाखवली गेली का, ते पाहा.

तिसरं कारण मेंटेनन्सच्या रोख आणि ऑनलाइन जमांचं. पाच सभासदांची रोख रक्कम एकाच दिवशी एकत्र भरली की उताऱ्यात एकच ओळ दिसते आणि समोर पावत्या पाच. बेरीज लावून बघा. यूपीआयने आलेल्या पैशांत कोणाच्या मुलाच्या, कोणाच्या भाडेकरूच्या नावाने रक्कम येते. ती भलत्याच फ्लॅटला जमा झालेली असते आणि मग थकबाकीची नोटीस मिळालेला सभासद भडकतो. ही चूक दर दुसऱ्या सोसायटीत असते.

एवढं सगळं वजा केल्यावर उरतात त्या ओळी महत्त्वाच्या.

खरोखर पैसे जातात तेव्हा काय दिसतं

सगळ्यात जुनी रीत म्हणजे या महिन्याच्या वसुलीने मागच्या महिन्याचं भोक बुजवायचं. सभासदाकडून रोख घेतली, पावती दिली, पैसे वापरले. पुढच्या महिन्यात दुसऱ्याचे आले की पहिल्याचे भरले. बेरीज वर्षअखेरीला जुळते, म्हणून वरवरच्या तपासणीत हे निसटतं. पकडायचं कसं? पावतीची तारीख आणि बँकेत भरल्याची तारीख यांतलं अंतर शेजारच्या रकान्यात लिहीत जा. दोन-तीन दिवस, फार तर आठवडा ठीक. सलग दहा पावत्यांत वीस-पंचवीस दिवसांचं अंतर असेल आणि मार्चच्या शेवटच्या दिवसांत मात्र सगळं चटकन भरलेलं असेल, तर खजिनदाराला खुलासा द्यावा लागेल. हातात किती रोख ठेवता येते, हे तुमच्या उपविधीत लिहिलेलं असतं. तो आकडा शोधून त्या-त्या दिवसाच्या शिलकेशी ताडून पाहा.

पावती पुस्तकांचे क्रमांक सलग आहेत का? छापखान्याच्या बिलावर किती पुस्तकं छापली ते असतं. वीस छापली आणि कपाटात एकोणीस, तर विसावं कुठे? स्थळप्रतीवरचा आकडा आणि सभासदाकडच्या पावतीवरचा आकडा वेगळा असू शकतो, आणि ते फक्त सभासदाकडची पावती बघूनच कळतं. म्हणून उपसमितीने करायची सर्वांत दमदार चाचणी ही: प्रत्येक सभासदाला ‘31 मार्चला तुमच्या खात्यावर इतकी थकबाकी किंवा इतकी आगाऊ रक्कम दिसते, मान्य असेल तर सही करा, नसेल तर पावत्या जोडा’ असं पत्र द्या. लोक कंटाळा करतात, दोनदा दारावर जावं लागतं. पण रोख रक्कम खाल्लेली असेल तर तिचा माग बहुतेक वेळा इथूनच निघतो.

मुदत ठेवींच्या पावत्यांची झेरॉक्स पाहून समाधान मानू नका. शाखेकडून शिल्लक दाखला मागा आणि त्यात ‘ठेवीवर कर्ज अथवा बोजा आहे का’ हे स्पष्ट विचारा. ठेव जागच्या जागी असते आणि तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढलेला असतो, हे वरून दिसत नाही. सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीची) तर बेरीजच लावून पाहता येते: आदर्श उपविधीप्रमाणे जमिनीची किंमत सोडून बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्का. इतकी वर्षं, इतका फंड, आणि तेवढी गुंतवणूक मालमत्ता बाजूला आहे का?

बिलांकडे बघताना ठेकेदाराचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाका. पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, गोव्याचा 30 ने. क्रमांक रद्द झालेला किंवा भलत्याच धंद्याचा निघाला तर त्या पानाची प्रत काढून ठेवा. प्लंबरचं बिल क्रमांक 41 जूनमध्ये, 42 जुलैत, 43 ऑगस्टमध्ये असेल तर त्याला दुसरं गिऱ्हाईकच नाही असा अर्थ निघतो. शंका घ्या, पण पुरावा म्हणू नका, कारण काही कारागीर प्रत्येक सोसायटीसाठी वेगळं बिलबुक ठेवतात. तिन्ही कोटेशनांत तीच ती शुद्धलेखनाची चूक असेल तर ती तीन कोटेशनं एकाच टेबलावर तयार झाली असण्याचा संभव मोठा. तिन्ही दुकानदारांना स्वतः फोन करून ‘हे तुम्हीच दिलंत का’ विचारा आणि उत्तर लेखी मागा.

दिवाळीत वॉचमनला दिलेला बोनस, गणपतीतल्या पाणीवाल्याचे पैसे, महापालिकेच्या माणसाचं ‘चहापाणी’ यांची व्हाउचरं बहुतेक ठिकाणी सहीविना सापडतात. नियमात ते बसत नाहीच. पण या पाच-सात हजारांवर सगळी शक्ती खर्च करून आठ लाखांची मुदत ठेव न बघणारे सभासदही कमी नाहीत.

काम मोजायचं असेल तर

‘एवढं क्षेत्रफळ नव्हतंच’ हा आरोप मोजपट्टीने अर्ध्या दिवसात निकालात निघतो. तळमजला अधिक सहा मजल्यांची इमारत धरू. लांबी 30 मीटर, रुंदी 15, उंची 21. परीघ 90 मीटर, गुणिले 21 म्हणजे 1,890 चौरस मीटर. एका चौरस मीटरचे 10.764 चौरस फूट, म्हणून साधारण 20,344 चौरस फूट. बिलात 25,000 चौरस फूट, दर 40 रुपये. फरक 4,656 चौरस फूट, म्हणजे 1,86,240 रुपये. कोणाही हुशार सभासदाने कॅल्क्युलेटरवर इथवर येऊन थांबावं आणि मेसेज टाकावा, असाच हा हिशेब आहे.

आता गच्चीवर जा. कठड्याची आतली बाजू रंगवलेली आहे, एक मीटर उंच: 90 चौरस मीटर. मध्ये दोन डक्ट आहेत, प्रत्येकी 3 बाय 2 मीटर, परीघ 10 मीटर, उंची 21: दोन्हींचे मिळून 420 चौरस मीटर. एकूण 2,400 चौरस मीटर झाले, म्हणजे सुमारे 25,834 चौरस फूट. यातून खिडक्यांची वजावट करा. ती कशी धरायची हे वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, काहींत लहान खिडक्यांची वजावट नसतेच. आठशे चौरस फुटांच्या आसपास वजावट निघाली तर बिल चोख आहे. डक्टच्या आत टॉर्च मारून रंग खरंच लागलाय का तेवढं पाहा, कारण बिलात मोजलेली आणि प्रत्यक्षात न रंगवलेली जागा असलीच तर ती डक्टमध्येच असते.

रंगाच्या हातांची, म्हणजे थरांची, संख्या मोजायला भिंतीचा सुपारीएवढा पोपडा काढून पाहता येतो, पण दोन हात आणि तीन हात यांतला फरक डोळ्यांना नीट कळत नाही. त्यासाठी रंगाच्या रिकाम्या बादल्यांची नोंद काम चालू असतानाच ठेवायला हवी. नंतर ती कोणीच देऊ शकत नाही.

खुलासा मागताना

प्रश्नपत्र लेखी द्या आणि उत्तराला पंधरा दिवस ठेवा. ‘तुम्ही पैसे का खाल्ले?’ असा प्रश्न नसतो. असा असतो: ‘व्हाउचर क्र. 112, दि. 14 ऑक्टोबर, रोख 38,500 रुपये, तपशील ‘गच्ची दुरुस्ती’. सोबत बिल नाही. काम कोणी केलं, रक्कम कोणाला दिली, कोणाच्या सांगण्यावरून रोख दिली?’ प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्या आणि संबंधित कागदाची प्रत जोडा. कागद न दाखवता उत्तर मागणं म्हणजे फास टाकणं. अशी चौकशी पुढे कोणत्याही दारात उभी राहत नाही.

तोपर्यंत चेकवर सही करायचा अधिकार दुसऱ्या सभासदाकडे द्यायचा असेल तर ठरावात स्पष्ट लिहा: ‘चौकशी पूर्ण होईपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून, कोणताही दोष न ठरवता.’ ‘आर्थिक गैरव्यवहारामुळे’ असं लिहिलंत तर निकाल आधी आणि तपास नंतर झाला. ठरावाची प्रत बँकेत जाते आणि तिथे ती कायमची राहते.

खुलासा आला की अहवालात प्रत्येक मुद्द्यापुढे चारांपैकी एक शब्द लिहा. ‘निराधार’: कागदाने उत्तर मिळालं. ‘त्रुटी’: नोंद चुकली, पैसे जागेवर आहेत. ‘अनियमितता’: नियम मोडला, उदाहरणार्थ कोटेशनं घेतली नाहीत किंवा मर्यादेबाहेर रोख दिली, पण पैसे संस्थेच्याच कामी लागले. ‘अपहार झाल्याचा संशय’: पैसे बाहेर गेले आणि ते संस्थेच्या कामी लागल्याचा कागद किंवा साक्ष मिळत नाही. चौथ्या प्रकारातही ‘संशय’ हा शब्द ठेवा. तीन शेजाऱ्यांनी मिळून कोणाला गुन्हेगार ठरवायचं नसतं, ते काम न्यायालयाचं.

पुढे कुठे जायचं

पहिलं दार वैधानिक लेखापरीक्षकाचं. कलम 81 खाली दरवर्षी लेखापरीक्षण सक्तीचं आहे आणि लेखापरीक्षक सरकारी नामिकेतलाच (मान्य यादीतलाच) लागतो. उपसमितीचा अहवाल त्याला लेखी द्या. हिशेबाशी संबंधित गुन्हा झालाय असा त्याचा निष्कर्ष असेल, तर अहवाल दिल्यापासून 15 दिवसांत त्याने सहकार खात्याच्या निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने पोलिसांत गुन्हा नोंदवायचा, असं त्याच कलमात आहे. हे बऱ्याच सभासदांना माहीत नसतं. काही लेखापरीक्षकांनाही आठवण करून द्यावी लागते.

दुसरं दार उपनिबंधकाचं. कलम 83 खाली एक-पंचमांश सभासदांनी अर्ज केला की संस्थेच्या कारभाराची चौकशी लावता येते. शंभर सभासद असतील तर वीस सह्या. आरोपांबरोबर जुळवणीचा तक्ता आणि खुलाशाची प्रत जोडा. नुसतं ‘भ्रष्टाचार झाला आहे’ लिहिलेले अर्ज तारखांवर तारखा खात पडून राहतात. नुकसान ठरलं तर कलम 88 खाली ते संबंधित व्यक्तीकडून वसूल करायचा आदेश होऊ शकतो.

पोलिसांकडे जाताना भारतीय न्याय संहितेचं कलम 316, म्हणजे न्यासभंग, लागू होतं. पैसा सोपवलेला होता आणि तो अप्रामाणिकपणे वापरला, हे दोन्ही दाखवावं लागतं. साध्या न्यासभंगाला पाच वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात, त्यामुळे त्याच दिवशी गुन्हा नोंदला नाही म्हणून ठाण्यात आदळआपट करू नका. मोबाइलवरचे मेसेज, टॅलीचा बॅकअप, सीसीटीव्ही द्यायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. स्क्रीनशॉटचा प्रिंटआउट एकटा पुरत नाही. ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, रीसेट करू नका.

आणि ग्रुपवर लिहिणाऱ्यांसाठी: नाव घेऊन ‘चोर’ लिहिणं हे न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी ठरू शकतं, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. ‘खरं आणि लोकहिताचं’ हा बचाव आहे, पण ते खरं होतं हे लिहिणाऱ्याला सिद्ध करावं लागतं. ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड’ लिहिलं म्हणून सुटका होत नाही.

ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर सचिवाने इतकंच टाकावं: ‘रंगकामाच्या खर्चाबाबत काही सभासदांनी लेखी प्रश्न विचारले आहेत. कमिटीने दि. … च्या ठरावाने तीन जणांची उपसमिती नेमली आहे. ज्यांच्याकडे पावती, बिल किंवा प्रत्यक्ष पाहिलेली माहिती आहे त्यांनी दि. … पर्यंत सहीनिशी कार्यालयात द्यावी. अहवाल सर्वसाधारण सभेपुढे ठेवला जाईल.’ तारखा टाकायला विसरू नका. तारीख नसलेली चौकशी लोक दडपादडपीच समजतात, आणि ते चुकीचं म्हणता येत नाही. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यायचीच असते, त्यामुळे जूनमध्ये सुरू केलेलं काम ऑगस्टअखेर संपवता येतं.

आरोप निराधार ठरला तर तेही इतिवृत्तात मुद्द्यानिशी लिहून घ्या: ‘70,000 रुपयांचा फरक टीडीएस चलन क्र. … आणि राखीव अनामत यांनी जुळतो. मोजमापात तफावत नाही.’ मग ज्या ग्रुपवर पहिली ओळ पडली होती त्याच ग्रुपवर हा ठराव टाका, नोटीस बोर्डावर पंधरा दिवस लावा आणि त्याची प्रत खजिनदाराला सही-शिक्क्यानिशी द्या. दोन कुलपांपैकी एक तसंच राहू द्या, ते पुढच्या खजिनदारालाही उपयोगी पडेल.